आजी आणि तोतया

वयाची सत्तरी जवळ आली तरी दिवाळीला माहेरी जायचा परिपाठ मी सोडलेला नाही. भाऊबीज हे निमित्त. खरी ओढ स्वयंपाकघराची. एक्याण्णव वर्षांची माझी आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, सोऱ्या दुसऱ्याच्या हातात देते आणि चकलीला काटा नीट आला की नाही, एवढे मात्र स्वतः पाहते. गेल्या दिवाळीत सोऱ्या माझ्या दोन भाच्यांच्या हातात होता आणि त्या दोघींचे कडाक्याचे भांडण चालले होते. भांडणाचा विषय चकली नव्हता. रशियाची एक राजकन्या होती.

थोरली भाची आता पस्तिशीला आली. ती सात-आठ वर्षांची असताना तिच्या वडिलांनी 'अनास्तासिया' नावाच्या रेखाटलेल्या चित्रांच्या बोलपटाची तबकडी आणली होती. डॉन ब्लूथ आणि गॅरी गोल्डमन यांनी तो १९९७ साली काढला. त्या सुट्टीत तिने तो इतक्या वेळा पाहिला, की शेवटी घरातल्या मोलकरणीलाही त्यातली गाणी गुणगुणता येऊ लागली. धाकटी शिकायला अमेरिकेत होती. त्याच बोलपटावरून पुढे संगीत नाटक झाले, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ते २०१७ च्या एप्रिलपासून २०१९ च्या मार्चअखेरपर्यंत चालले, आणि मग गावोगाव फिरले. असाच एक फिरता प्रयोग तिने पाहिला होता.

"रास्पुतिन काढला, ते पांढरं वटवाघूळ काढलं, मग राहिलं काय नाटकात?" थोरली म्हणत होती.

"राहिली ती माणसं," धाकटी म्हणाली. "निदान खरी वाटतात."

"खरी! अगं, मुळात गोष्टच खोटी. मग ती खरी वाटावी कशाला?"

या प्रश्नाशी मी थबकले. थोरलीने तो भांडणाच्या भरात टाकला होता, पण तो दिसतो तेवढा साधा नव्हता. तेवढ्यात आईने विचारले, "कोण गं ही मुलगी?" मग दोघींनी भांडण बाजूला ठेवून तिला गोष्ट सांगितली. रशियाच्या बादशहाची धाकटी मुलगी. राजवाड्यावर हल्ला होतो, सगळे घराणे नाहीसे होते, मुलगी तेवढी वाचते; पण डोक्याला मार लागून स्वतःचे नावही विसरते. अनाथाश्रमात वाढते. तिची म्हातारी आजी पॅरिसला असते आणि नात शोधून आणणाऱ्याला मोठे बक्षीस लावून बसलेली असते. दोन ठक बक्षिसाच्या लोभाने या मुलीला राजकन्येचे सोंग शिकवतात, आणि शिकवता शिकवता ती खरीच राजकन्या निघते. आजीने पूर्वी दिलेली एक वाजणारी डबी असते, तिची किल्ली मुलीच्या गळ्यात असते, खूण पटते.

"मग आजीने ओळखलं तिला?" आईने विचारले.

"ओळखलं."

"आणि खरंच असं झालं?"

कढईतल्या तेलाचा आवाज तेवढा येत राहिला. मग थोरली म्हणाली, "नाही आजी. खरी मुलगी मेली. घरच्या सगळ्यांबरोबरच मारली तिला."

"म्हणजे मेलेल्या पोरीला नाचायला लावलंत होय!" आई म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. तिने पुढची चकली उलटायला सांगितली आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य गेले नाही.

जे घडले ते असे आहे. १९१८ च्या जुलै महिन्यात, सोळा आणि सतरा तारखांच्या मधल्या रात्री, उरल पर्वतातल्या येकातेरिनबुर्ग गावी एका जप्त केलेल्या घराच्या तळघरात पदच्युत झार दुसरा निकोलस, त्याची बायको, चार मुली आणि एक आजारी मुलगा यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्याबरोबर घरचा वैद्य, एक दासी, एक नोकर आणि एक स्वयंपाकी असे आणखी चौघे होते. एकूण अकरा माणसे. मुलींनी आपल्या कपड्यांच्या अस्तरात जवाहीर शिवून ठेवले होते, त्यावरून गोळ्या घसरल्या आणि मरण लांबले. अनास्तासिया तेव्हा सतरा वर्षांची होती. ती घरात सगळ्यांत खोडकर, नकला करण्यात पटाईत. एवढे सांगितले तरी पुरे. याहून अधिक तपशील दिवाळीच्या अंकात नको, आणि एरवीही नकोच.

आता बोलपट काय करतो ते पाहा. त्यात रास्पुतिन आपला आत्मा विकून घराण्याला शाप देतो. शापातून हिरवी भुतावळ सुटते, ती लोकांना चिथवते आणि राज्यक्रांती होते. रास्पुतिन प्रत्यक्षात १९१६ च्या डिसेंबरात मारला गेला, क्रांतीच्या आधीच. पण ते जाऊ द्या. १८९६ साली याच झारच्या राज्यारोहणाच्या वेळी मॉस्कोच्या खोदिन्का मैदानात फुकटच्या खाऊसाठी जमलेल्या गर्दीत हजाराहून अधिक माणसे चेंगरून मेली आणि त्याच रात्री राजा नाचाच्या मेजवानीला गेला. १९०५ साली अर्ज घेऊन राजवाड्याकडे चाललेल्या कामगारांवर गोळीबार झाला. मग महायुद्ध आले, भाकरीच्या रांगा आल्या. हे सगळे पुसून त्या जागी एका मांत्रिकाचा शाप बसवायचा, म्हणजे त्या भुकेल्या माणसांचा राग हा त्यांचा राग नव्हताच, कुणीतरी तो त्यांच्या अंगात सोडला होता, असे म्हणायचे. मेलेल्या राजकन्येवर अन्याय झाला की नाही, ते नंतर पाहू. रांगेतल्या बाईवर अन्याय झाला, हे मला आधी दिसते.

मी हे थोरलीला म्हटले तेव्हा तिने दिलेले उत्तर मला अजून खोडता आलेले नाही. ती म्हणाली, "आत्या, सात वर्षांची असतानासुद्धा मला माहीत होतं की भुतं राज्य उलथवत नाहीत. तुम्ही आम्हांला शूर्पणखेचं नाक सांगितलंत तेव्हा आम्ही काय लंकेचा इतिहास शिकलो? ढळढळीत खोट्याने कुणी फसत नाही. जे खऱ्यासारखं दिसतं त्याचीच भीती."

तिचा रोख नाटकावर होता. नाटकाने, म्हणजे टेरेन्स मॅक्नॅली या नाटककाराने, मांत्रिक आणि वटवाघूळ दोन्ही काढून टाकली. गाणी लिन अ‍ॅरेन्स आणि स्टीफन फ्लॅहर्टी यांचीच राहिली. बोलपटासाठीही त्यांनीच ती रचली होती. काही तीच, पुष्कळशी नवी. शत्रू म्हणून आला ग्लेब नावाचा एक तरुण बोल्शेविक अधिकारी. त्याचा बाप त्या तळघरावर पहारा देणाऱ्यांपैकी एक होता. बापाने अर्धवट सोडलेले काम मुलाने पुरे करावे, म्हणून तो मुलीच्या मागे पॅरिसला जातो, पिस्तूल रोखतो, आणि त्याचा हात चालत नाही. परत जाऊन तो सांगतो, की अनास्तासिया नावाचे कोणी नव्हतेच, ती एक वदंता होती. तिकडे आजीही शोध संपल्याचे जाहीर करते आणि बक्षिसाची रक्कम दानधर्माला देते. मुलगी आपल्या ठकाबरोबर निघून जाते. म्हणजे नाटकात राजकन्या सापडते. पण सापडल्याचे जगाला कळू द्यायचे नाही, असे सगळे मिळून ठरवतात.

ही युक्ती मला सुंदर वाटली आणि म्हणूनच संशयास्पदही. इतिहास म्हणतो, मुलगी मेली. नाटक म्हणते, इतिहासाला तसे वाटावे अशी आम्हीच व्यवस्था केली. या दाव्याला कोणता पुरावा तोंड देणार? जो पुरावा आणाल तो त्यांच्याच बाजूने उभा राहतो.

इथे काळाचा एक मुद्दा आहे, आणि तो पंचाईत करणारा आहे. बोलपट निघाला त्या १९९७ साली गोष्टीला एक बारीकशी फट होती. १९९१ साली येकातेरिनबुर्गजवळच्या जंगलातल्या खड्ड्यातून सांगाडे काढले गेले ते नऊच होते. दोन मुले कमी होती. मुलगा आणि एक मुलगी. हाडांतील जनुकांची तपासणी करून बाकीच्यांची ओळख पटवली, १९९८ साली सेंट पीटर्सबर्गला त्यांना मूठमाती दिली, तरी ती एक मुलगी कोठे? या फटीतून थोडेसे स्वप्न आत येऊ शकत होते. २००७ साली जवळच उरलेल्या दोघांची जळकी हाडे मिळाली. ती मुलगी मारिया की अनास्तासिया, यावर रशियन आणि अमेरिकन तज्ज्ञांचे एकमत झाले नाही. पण चौघींपैकी एकही सुटली नव्हती, एवढे निश्चित झाले. फट बुजली. नाटक आले ते याच्यानंतर दहा वर्षांनी. म्हणजे बोलपटाने संधिप्रकाशात स्वप्न पाहिले आणि नाटकाने भर दुपारी.

मग जास्त दोषी कोण? थोरली म्हणते, नाटक. ते जाणून खोटे बोलते. धाकटीचे म्हणणे बरोबर उलटे. "सगळ्यांना माहीत झालं ना, आत्या? मग ते खोटं उरतच नाही. प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की ही मुलगी मेलेली आहे. म्हणून तर शेवटी लोक रडतात. गोष्ट गोड होते आणि लोक रडतात, हे तू पाहायला हवं होतंस." मी पाहिलेले नाही. पण तिचे म्हणणे मला समजले. आपण पितृपक्षात ताट वाढतो तेव्हा ते जेवायला येणार नाहीत हे आपल्याला माहीत असतेच. वाढण्यात म्हणून काही खोटेपणा होत नाही. आईने जे नाचवणे म्हटले, ते धाकटीच्या मते वाढणे होते.

इतपत मी दोघींच्या मधे उभी राहू शकते. पण या गोष्टीत आणखी एक मुलगी आहे. खरे तर सगळी गोष्ट तिच्यापासून निघाली.

१९२० च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या एका कालव्यात उडी घेतलेल्या एका तरुण स्त्रीला वर काढले. ती नाव सांगेना. तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवले, आणि कागदावर तिचे नाव 'अज्ञात कुमारी' असे पडले. तिथे, आणि तिथून बाहेर पडल्यावर, ती राजकन्या अनास्तासिया आहे अशी बोलवा झाली, तिनेही ते म्हटले आणि पुढची साठ वर्षे सोडले नाही. जगाने तिला अ‍ॅना अ‍ॅन्डरसन या नावाने ओळखले. राजघराण्यातल्या काहींनी तिला खरी मानले, बहुतेकांनी नाही. जर्मनीच्या न्यायालयात तिचा दावा १९३८ पासून १९७० पर्यंत रेंगाळला आणि शेवटी 'ती आहे' हेही सिद्ध झाले नाही आणि 'ती नाही' हेही. तिच्यावर नाटक निघाले, १९५६ साली चित्रपट निघाला, त्यातल्या भूमिकेसाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळाले. १९८४ साली ती अमेरिकेत वारली. दहा वर्षांनी, एका इस्पितळात राहिलेल्या तिच्या आतड्याच्या तुकड्याची तपासणी झाली. ती अनास्तासिया नव्हती. फ्रान्त्सिस्का शान्त्स्कोव्स्का नावाची पोलिश शेतकऱ्याची मुलगी होती. महायुद्धात बर्लिनच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ती काम करी. १९१६ साली तिच्या हातून बॉम्ब निसटला, तिला जखमा झाल्या आणि तिच्या डोळ्यांदेखत मुकादम मेला.

तोतयाला आपण लबाड म्हणतो. ही लबाड होती का? पैशासाठी कोणी साठ वर्षे सोंग करत नाही. मला वाटते, आपल्या हातून माणूस मेला ही आठवण घेऊन फ्रान्त्सिस्का म्हणून जगणे तिला अशक्य झाले, आणि दुसरे कोणीतरी होण्याची पहिली संधी आली ती तिने घेतली. राजकन्येवरही गोळ्या झाडल्या होत्या, हिच्याही अंगावर व्रण होतेच.

बोलपटात आणि नाटकात रस्त्यावरची एक अनामिक पोर राजकन्या निघते आणि आपल्याला आनंद होतो. प्रत्यक्षात एक साधी पोर स्वतःचे नाव कायमचे फेकून देते, तेव्हा कुठे राजकन्या निर्माण होते. तिलाही घर होते, भावंडे होती. १९२७ साली तिच्या भावाला तिच्यासमोर आणले, आणि ही आपली बहीण आहे असे लिहून द्यायला तो तयार झाला नाही. का झाला नाही, याची अनेक कारणे लोक देतात. मला एवढेच दिसते, की सारे युरोप जिला शोधत होते ती मुलगी मेलेली होती, आणि जी जिवंत सापडली होती तिला कोणी शोधत नव्हते. क्रांती आणि दुष्काळ यांनंतर रशियाच्या रस्त्यांवर लाखो बेवारस मुले भटकत होती. त्यांतल्या एकाचीही आजी पॅरिसला नव्हती.

अनास्तासियाची खरी आजीही पॅरिसला नव्हती. सम्राज्ञी मारिया फ्योदोरोव्ना १९१९ साली इंग्रजांच्या युद्धनौकेवरून क्रिमियातून निघाली आणि आपल्या माहेरी, डेन्मार्कला जाऊन राहिली. मुलगा, सून आणि नातवंडे गेली हे तिने अखेरपर्यंत उघडपणे मान्य केले नाही. तिने बक्षीस लावले नाही, आणि तोतयांना भेटीलाही बोलावले नाही. १९२८ साली ती वारली. बोलपटातली आजी तोतयांना कंटाळून दार लावून घेते आणि शेवटी एकदा उघडते. खऱ्या आजीने ते उघडलेच नाही. मला या बाईचा हेवा वाटतो. एखादी खोटी नात घरात घेतली असती तर तिला आशा सोडावी लागली असती. तिने नात नको म्हटली आणि आशा ठेवली.

आपल्याकडच्या वाचकाला यात परके काही वाटू नये. 'तोतया' हा शब्दच आपण इतक्या सहज वापरतो, कारण तो आपल्या घरातला आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांची पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य पत्करले नाही. त्या १७८३ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, वाट पाहत जगल्या. मधल्या काळात भाऊ म्हणून एक माणूस उभा राहिला. सुखनिधान त्याचे नाव, बुंदेलखंडाकडचा. त्याला धरून कैदेत टाकले, पण १७७६ साली रत्नागिरीच्या सुभेदारानेच त्याला सोडवले, कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले, हजारो माणसे त्याच्या निशाणाखाली जमली. महादजी शिंद्यांना त्याच्यावर पाठवावे लागले, आंग्ऱ्यांनी त्याला पकडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. १९१३ साली न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले.

केळकरांनी हे नाटक लिहिले, पण तोतया खरा भाऊ निघाला असे दाखवले नाही. त्यांना तसे सुचलेही नसेल. आपण पार्वतीबाईंच्या दुःखावर रडू शकतो. पण भाऊ परत येऊन त्यांच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहतात आणि दोघे गाणे म्हणतात, असा प्रवेश आपल्या रंगभूमीला सोसला नसता. का? आपण अधिक सत्यनिष्ठ आहोत म्हणून नव्हे. पानिपत हे आपले आहे म्हणून. गावोगावच्या घरांतली माणसे तिथे राहिली. कोणाचे भाऊ परत आणायचे आणि कोणाचे नाही? अमेरिकेतल्या नाटककाराला रशियाचे तळघर लांब होते. दुसऱ्याच्या मयताला गोड शेवट देणे नेहमीच सोपे जाते, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. हा लेखही मी तिथेच संपवणार होते.

पण ते खरे नाही, आणि हे मला सगळ्यांत जास्त ठाऊक असायला हवे. कारण स्वतःच्या घरच्या मयतालाही मी एकदा गोड शेवट दिलेला आहे.

माझ्या आत्याचे यजमान, आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू, १९७१ साली एका सकाळी कचेरीत म्हणून गेले ते परत आले नाहीत. कचेरीत पैशांचा काही घोळ झाला होता, त्यात त्यांचा हात नव्हता, पण नाव आले होते. पोलिसांत वर्दी दिली, वर्तमानपत्रात फोटो छापला. दोन वर्षांनी माझ्या वडिलांना एका दूरच्या गावाहून पत्र आले. नदीत मिळालेल्या एका देहाच्या वर्णनाचे. वडील जाऊन आले. पंचनाम्यातले वर्णन जुळत होते, देह केव्हाच जाळलेला होता. वडिलांनी आईला सांगितले. काही वर्षांनी मला सांगितले. आत्याला सांगायचे धैर्य त्यांना झाले नाही. ती कुंकू लावत राहिली.

१९८० साली नाशिकला सिंहस्थ होता. मी चोवीस वर्षांची होते, मैत्रिणींबरोबर गेले होते. परत आल्यावर आत्याकडे गेले. तिने नेहमीप्रमाणे, वर न पाहता, भाजी निवडताना विचारले, "तिकडे कुणी ओळखीचं दिसलं का गं?" आणि मी म्हणाले, "आत्या, आतोबांसारखे दिसले. घाटावर. पाठमोरे होते, गर्दीत हाक ऐकू गेली नसेल." घाटावर मी एक उंच साधू पाहिला होता, एवढेच खरे. त्याची चालसुद्धा आतोबांसारखी नव्हती.

आत्या उठली, हात धुतले, देवापुढे साखर ठेवली आणि मग ती माझ्या तळहातावर घातली. तिचा तो चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही. तो चेहरा आपण तिला दिला, याचा कित्येक वर्षे मला अभिमान वाटत असे.

पण पुढे काय झाले तेही सांगायला हवे. तिच्या मुलाने दुसऱ्या गावी घर बांधले. ती गेली नाही, कारण 'ते' या पत्त्यावर येतील. वाडा पाडून इमारत होणार होती. तिने सही दिली नाही. रात्री दाराला आतून कडी घालत नसे. मुलगा रागावला, सून दुरावली. १९९४ साली ती त्या पडक्या वाड्याच्या एका खोलीत वारली, एकटी, दार उघडे ठेवून. मी तिला एक आनंदाचा दिवस दिला आणि त्याच्या बदल्यात तिची चौदा वर्षे घेतली, असा हिशोब मी नंतर मांडू लागले. कधी वाटते, ती चौदा वर्षे माझ्या शब्दाशिवायही अशीच गेली असती. हे मला कसे कळणार? रास्पुतिनच्या बोलपटाला आणि ग्लेबच्या नाटकाला निदान पडदा पडतो, दिवे लागतात, माणसे कोट घालून घरी जातात. माझ्या नाटकात प्रेक्षक एकच होता आणि त्याला कोणी घरी जा म्हटले नाही.

थोरलीच्या म्हणण्याप्रमाणे ढळढळीत खोटे फसवत नाही, खऱ्यासारखे दिसणारे फसवते. मी 'पाठमोरे' म्हटले होते. समोरून पाहिले म्हटले असते तर आत्याने खाणाखुणा विचारल्या असत्या आणि मी उघडी पडले असते. चोवीसाव्या वर्षी, कोणी न शिकवता, मला इतके बारीक खोटे बोलता आले.

ग्लेब या नावावरून आणखी एक गोष्ट सांगते. खऱ्या इतिहासातही एक ग्लेब आहे. त्या तळघरात झारबरोबर मेलेल्या वैद्याचा, बोत्किनचा, तो मुलगा. लहानपणी राजाच्या मुलांबरोबर खेळलेला, त्यांच्यासाठी जनावरांची चित्रे काढणारा. १९२७ साली तो अ‍ॅना अ‍ॅन्डरसनला भेटला, हीच अनास्तासिया म्हणाला, आणि १९६९ साली मरेपर्यंत तिची बाजू लढवत राहिला. नाटकातला ग्लेब मारेकऱ्याचा मुलगा आहे. हा मेलेल्याचा मुलगा होता. तो चुकला, हे आता आपल्याला माहीत आहे. पण त्या तळघरातून कोणीतरी एक बाहेर आले, एवढे तरी त्याच्या बापाच्या मरणात शिल्लक राहावे, असे त्याला वाटले असेल, तर त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार मला नाही. आत्याला मी मूर्ख समजत नव्हते, आणि तिच्यापेक्षा शहाणीही नव्हते.

या दिवाळीला हे सगळे मी आईला सांगितले. भाच्या बाहेर पणत्या लावत होत्या. आत्याशी खोटे बोलल्याचे मी पंचेचाळीस वर्षांत कोणाला सांगितले नव्हते. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वन्संना ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"तू खोटं बोललीस ते. त्याच आठवड्यात मला म्हणाल्या होत्या, पोरीने माझ्यासाठी खोटं बोललं गं, किती जीव आहे तिचा."

मी आईकडे पाहिले. ती चकल्यांच्या डब्याचे झाकण नीट बसते की नाही ते बघत होती. आई फारशी खोटे बोलत नाही. पण मी तिचीच मुलगी आहे. वन्सं खरेच असे म्हणाल्या होत्या का, हे तिला विचारावे असे ओठांवर आले होते. तेवढ्यात धाकटी आत आली आणि तेल संपले म्हणाली, म्हणून मी तेलाची बाटली घेऊन बाहेर गेले.